मागचा प्लग निघेपर्यंत

"गॅलरीचे प्लग राहू द्या. आत तेलच असतं, गंज कुठून येणार? आम्ही प्रेशरने धुऊन देतो की." बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर आतून कातून घ्यायला, इंजिनचा ब्लॉक देण्याआधी वर्कशॉपमध्ये मला हे ऐकवलं गेलं. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, कारण ते ऐकून मी जवळजवळ गप्प बसलो होतो.

जुन्या गाडीचं इंजिन घरी उघडणाऱ्यांना एवढंच सांगायचंय, की हे प्लग काढल्याशिवाय ब्लॉक स्वच्छ होत नाही. ऑइल पंपातलं तेल ब्लॉकच्या लांबीभर पाडलेल्या भोकातून जातं आणि तिथून क्रँक आणि कॅमच्या बेअरिंगकडे फुटतं. ही लांब भोकं म्हणजेच ऑइल गॅलरी. ती कारखान्यात टोकाकडून ड्रिल करतात आणि मग टोक प्लगने बंद करतात. टोकाशी तेल वाहत नाही, नुसतं उभं राहतं. वर्षानुवर्षांचा काळा गाळ नेमका तिथे बसतो आणि बोअरिंगची आणि होनिंगची (सिलिंडर दगडाने घासण्याची) बारीक कचही तिथेच जाऊन दडते. ही गॅलरी फिल्टरच्या पुढे असते, म्हणजे तिथला कचरा सुटला की अडवायला काही नाही, थेट नव्या बेअरिंगमध्ये. आणि बेअरिंगमधली फट असते मिलिमीटरच्या पाच-सहा शतांशाएवढी.

पाण्याच्या जॅकेटचे (सिलिंडरभोवती पाणी खेळतं त्या पोकळीचे) वाटीसारखे प्लग तासाभरात निघाले. बोथट पंच एका कडेला ठेवून ठोकलं की प्लग नाण्यासारखा आडवा होतो, मग पक्कड लावून ओढायचा. सरळ आत ढकलू नका, मागे लगेच सिलिंडरची भिंत असते. त्या भोकांतून वाटीभर तांबडा गंजाचा चिखल निघाला. (ही भोकं पाणी गोठून ब्लॉक फुटू नये म्हणून ठेवलेली असतात असं पुष्कळजण सांगतात. मुळात ओतकाम करताना आतला वाळूचा गाभा धरायला आणि नंतर ती वाळू काढायला ती लागतात.)

ऑइल गॅलरीचे आट्यांचे प्लग माझ्या ब्लॉकला पाच होते. चार निघाले. पाचवा फ्लायव्हीलच्या, म्हणजे ब्लॉकच्या मागच्या बाजूचा, चौकोनी खाचेचा. त्याने माझे नऊ दिवस खाल्ले.

आधी तीन दिवस गंज सोडवणारं तेल सोडत राहिलो. काही फरक नाही. आता कळतं का ते. हे आटे निमुळते असतात, दर 16 मिलिमीटरला व्यास 1 मिलिमीटर कमी होतो, म्हणजे प्लग पाचरीसारखा घट्ट बसलेला असतो. त्यावर जुनं सीलंट. तेलाला आत शिरायला वाटच नव्हती.

चौथ्या दिवशी मी चौकोनी दांडा घालून त्यावर लांब पाइप चढवला आणि जोर लावला. हाताला काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, पण फिरला होता तो दांडा. खाचेचे चारही कोपरे गोल झाले होते. खाचेत दांडा जरासुद्धा हलत असेल तर पाइप लावू नका. आधी खाच खरवडून तळापर्यंत साफ करा, दांडा हातोडीने ठोकून बसवा, मगच जोर द्या. बाकीच्या चार प्लगांना मी हे केलं होतं. पाचव्याला घाई केली.

त्यानंतर केलेली चूक याहून मोठी. मध्ये भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे अडकलेला बोल्ट काढायचं हत्यार, घातला. तो फिरता फिरता खट्‌ करून तुटला, अगदी प्लगच्या पातळीला. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो, साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. दोन संध्याकाळी बारीक पंचाने त्याचे कपचे उडवत बसलो आणि लोहचुंबकाने एकेक कपचा बाहेर काढला. पोलाद कडक असतं तसं ठिसूळही असतं, म्हणून सुटलो. डोळ्याला चष्मा होता. एक कपचा काचेवर आदळला, त्याचा ओरखडा अजून आहे. अडकलेल्या निमुळत्या प्लगला एक्स्ट्रॅक्टर लावूच नये असं माझं ठाम मत झालंय. तो आत रुतताना प्लगला बाहेरच्या बाजूला फाकवतो आणि आटे आणखी आवळले जातात.

शेवटी वेल्डिंग करणाऱ्या मित्राला बोलावलं. तो म्हणाला, "ओढून निघणार नाही हा. याला तापवायला हवा." त्याआधी त्याने माझ्याकडून ब्लॉकचा तो भाग साबणाच्या गरम पाण्याने घासून कोरडा करून घेतला. ब्रेक क्लीनर मारायला गेलो तर हातातून डबाच काढून घेतला. क्लोरीनवालं द्रावण उरलं असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू निघतो. तीन दिवस ओतलेलं तेलही पुसून काढावं लागलं, ते पेट घेतं.

प्लगवर वॉशर वेल्ड केला, वॉशरवर नट. बीड किंवा ओतीव लोखंडाला साधं वेल्डिंग नीट धरत नाही, म्हणून ब्लॉकच्या आट्यांची मला वाटली तेवढी भीती नव्हती. पहिला नट तुटून हातात आला. दुसराही. मी निराश होऊन बसलो, तो मात्र शांत होता. प्रत्येक वेल्डिंगला प्लग तापतो, फुगायला बघतो, थंड होताना आकसतो, आणि सीलंट जळून जातं. तुटलेला नटही काम करून जातो, असं त्याचं म्हणणं.

तिसरा नट लालबुंद झाला. लाली जाईपर्यंत आम्ही थांबलो आणि मग मी साध्या मेणबत्तीचं टोक प्लगच्या कडेला टेकवलं. मेण वितळलं, धूर झाला, आणि कडेवरचा तो चकाकणारा थेंब माझ्या डोळ्यांदेखत आट्यांत ओढला गेला. जिथे तीन दिवसांत तेल शिरलं नव्हतं तिथे. (लाल असताना मेण लावलं तर भडका उडतो, तोंड लांब ठेवा.) हात लावता येईल इतकं थंड होऊ दिलं. मग पाना लावून आधी केसभर घट्ट करायच्या दिशेने दाबला, मग सोडवायच्या. पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. चौथ्या खेपेला बारीक कुईं असा आवाज आला. त्या आवाजाने झालेला आनंद इंजिन सुरू झालं तेव्हाही झाला नाही. निमुळता प्लग एकदा हलला की संपलं, एका फेऱ्यात तो बोटांनी फिरायला लागला.

तुमचे प्लग ॲल्युमिनियमचे असतील तर हिशेब वेगळा. ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या दुपटीने फुगतं, म्हणून गरम असताना तो आणखी आवळतो. तापवून पूर्ण थंड होऊ द्या, मग फिरवा, नाहीतर सरळ ड्रिल करून काढा. ड्रिल करायची वेळ आली तर मध्य अचूक साधून हळूहळू मोठं भोक करत जा. आटे दिसू लागले की थांबा आणि उरलेलं टोकदार छिन्नीने सोलून काढा.

एक गोष्ट खरं तर आधी सांगायला हवी होती. काढण्याआधी प्रत्येक प्लग किती आत बसलाय ते मोजून लिहा आणि फोटो काढा. नवा प्लग जास्त आत गेला तर आडव्या तेलवाटेचं तोंड बंद होऊ शकतं. टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करतानाही हेच लक्षात ठेवा, टॅप खोल गेला की प्लग खोल जातो. काही इंजिनांत एखाद्या प्लगला टायमिंग चेनवर तेल उडवायला मुद्दाम बारीक छिद्र ठेवलेलं असतं. तो कुठला होता हे विसरलात तर पंचाईत.

ब्लॉक बोअर होऊन आल्यावर त्या मागच्या भोकातून लांब ब्रश घातला. वर्कशॉपने "प्रेशरने धुऊन" दिलेला ब्लॉक होता तो. ब्रशला डांबरासारखा गाळ लागून आला आणि तो पांढऱ्या फडक्यावर पुसला तर त्यात लोखंडाचे कण चमकत होते. ते फडकं घेऊन मी वर्कशॉपमध्ये गेलो आणि काउंटरवर पसरून ठेवलं. त्या माणसाने बोटाने कण चाचपले आणि विचारलं, "मागचा काढला कसा?"