मांडवा ते रत्नागिरी: चार फेरीबोटी आणि सीटचा एक अंश

मांडव्याहून सायकलने निघालो आणि पाचव्या दिवशी दुपारी आम्ही दोघी बहिणी रत्नागिरीत पोचलो. मुक्काम मुरूड, केळशी, गुहागर आणि गणपतीपुळे. चार खाड्या फेरीबोटीने ओलांडल्या: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. रस्ता इतका सुंदर आहे, पण पहिले दोन दिवस माझं सगळं लक्ष दुखण्याकडे होतं. म्हणून आधी सीटबद्दल लिहिते.

निघण्याआधी दुकानातून सर्व्हिस करून आणलेल्या सायकलच्या सीटचं टोक वर राहिलं होतं. पाहताना कळत नव्हतं, चालवताना अलिबागच्या पुढे कळायला लागलं. सीटचा मागचा रुंद भाग आपल्या बैठकीच्या दोन हाडांसाठी असतो आणि पुढचं निमुळतं टोक मांड्यांच्या मधून नीट जाण्यासाठी. टोक वर आलं की वजन हाडांवरून सरकून पुढच्या नाजूक भागावर येतं, तिथल्या नसा दाबल्या जातात आणि मुंग्या येतात. अशा मुंग्या आल्या तर सहन करत राहू नका, लगेच उतरा.

मुरूडला रात्री मी अंदाजानेच टोक खाली केलं. जरा जास्तच झालं. दुसऱ्या दिवशी दिवेआगर ते श्रीवर्धन हा भरडखोल, शेखाडीवरून समुद्राला अगदी चिकटून जाणारा रस्ता होता आणि मी सारखी सीटवरून पुढे घसरत होते. घसरू नये म्हणून हातांनी हँडल रेटत होते. बागमांडल्याच्या धक्क्यावर पोचेपर्यंत दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं. हातमोजे पातळ असतील असं मला वाटत होतं. बहीण म्हणाली, "तुझे खांदे बघ, कानाला लागलेत. हात नाही, सीट बघ."

केळशीला आम्ही उतरलो होतो त्या घराशेजारी चिऱ्याच्या भिंतीचं काम चालू होतं. सकाळी गवंडीकाकांकडे पाणसळ, म्हणजे पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी, मागितली. मी ती थेट सीटवर ठेवायला गेले, तर ते म्हणाले, "ताई, आधी जमीन बघा." अंगणाला पाणी वाहून जायला उतार दिलेला होता! मग त्यांनीच नव्या खोलीच्या कोब्यावर सायकल उभी करायला सांगितली. ही एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुष्कळ झालं: दोन्ही टायरांत हवा पुरती भरून सायकल खरोखर सपाट जागी सरळ उभी करा, मग मोजा. फेरीबोटीवर वेळ मोकळा मिळतो, पण डेक हलतो, तिथे मोजू नका.

सीट मधे खोलगट असते, म्हणून तिच्यावर लांबीच्या दिशेने पुठ्ठ्याचं पुस्तक किंवा सरळ फळी ठेवायची आणि त्यावर पाणसळ. मोबाईलमध्येही कोन दाखवणारी सोय असते. माझं टोक 6 अंश खाली निघालं. आम्ही आधी सीट समपातळीत आणली, मग फक्त 1 अंश खाली केली.

हा 1 अंश का, ते कोकणात नीट समजतं. इथे सपाट रस्ता थोडाच. खाडीला उतरायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं. 100 मीटरला 8 मीटर चढ असला की सगळी सायकलच साधारण साडेचार अंश मागे कलते, म्हणजे समपातळीतल्या सीटचं टोकही तितकंच वर उठतं. लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत दाभोळला जाताना हे दर चढावर जाणवलं. मात्र चढासाठी म्हणून टोक फार खाली केलंत, तर उतारावर तळहातांचे हाल होतील. प्रत्येकाचं शरीर वेगळं, पण समपातळीपासून सुरुवात करा आणि एका वेळी एकच अंश बदला. बदल केल्यावर निदान 10 किलोमीटर चालवून बघा. त्याआधी उंची बरोबर आहे ना, ते पाहा: पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा.

सीटखाली एकच बोल्ट असेल तर तो इतका सैल करा की क्लॅम्पचे, म्हणजे सीट धरून ठेवणाऱ्या पकडीचे, एकमेकांत अडकलेले दाते पूर्ण सुटतील. अर्धवट सैल ठेवून जोराने फिरवलं तर दाते झिजतात. आवळताना कोन हलतो, तेव्हा पुन्हा मोजा. पुढेमागे दोन बोल्ट असतील तर टोक खाली आणायला मागचा थोडा सैल करून पुढचा आवळायचा, अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने. 4, 5 आणि 6 मिलिमीटरच्या अॅलन की (बोल्टच्या षटकोनी खाचेत बसणाऱ्या किल्ल्या) बॅगेत वरच ठेवा. खाऱ्या हवेत बोल्ट गंजतात, म्हणून मुक्कामाला गोड्या पाण्याने धुऊन पुसा. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालू नका, शिवण घासते.

बाकी थोडक्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, पहाटेच निघा. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या, एक चुकली की उन्हात थांबावं लागतं. तवसाळ ते जयगड ओलांडताना मी हात सोडून बोटं हलवून बघितली, दहाही जागी होती. आरे-वारे गावांजवळचा चढ चढून वळणावर थांबलो, तिथे अर्धा तास नुसता समुद्र बघितला. तिथे घाई करू नका.

परतीला रत्नागिरीहून सायकली रेल्वेच्या पार्सलने पाठवल्या. त्यासाठी सीटपोस्ट (सीटखालची नळी) खाली करावा लागला, तर आधी उंचीच्या जागी इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि सीटच्या क्लॅम्पवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. घरी आल्यावर पाच मिनिटांत सीट जशीच्या तशी बसली.