सिस्टर, बोलत रहा फक्त

गर्भपिशवीची दुर्बिणीतून तपासणी करायची म्हटल्यावर मला आधी आठवलं ते कॉपर-टी बसवणं. तेव्हा ‘दोन मिनिटं, थोडंसंच दुखेल’ असं सांगितलं होतं, आणि गर्भाशयाचं तोंड धरायला तो चिमटा लावला तेव्हा श्वासच अडकला माझा, वर डोळ्यांपुढे अंधारी. (नंतर कळलं की तिथे धक्का लागला की नाडी आणि बीपी एकदम खाली येऊ शकतात, म्हणजे मी काही नाटकं करत नव्हते.)

म्हणून यावेळी डॉक्टर मॅडमना आधीच विचारलं, चिमटा लागणारच का? त्या म्हणाल्या गरज नाही, स्पेक्युलम (योनी उघडी धरायचं अवजार) पण नको, बारीक दुर्बीण सलाइनच्या पाण्याबरोबर हळूहळू आत सरकवत न्यायची. ही पद्धत बेट्टोकी नावाच्या इटालियन डॉक्टरांनी रुळवली म्हणे. म्हणजे निम्मं दुखणं तर अवजारांमुळेच होतं आणि तेच वगळता येतं, हे आधी कुणी का नाही सांगितलं???

पाणी भरायला लागलं तशी पाळीसारखी कळ आली, ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी होतीच (पिशवीवर पिशवी!), पण खरा आधार सिस्टरचा. त्या डोक्याशी उभ्या राहून मांजरीबद्दल विचारत होत्या, आणि मध्येच ‘आता दाब वाटेल, दहा सेकंद’ असं नेमकं सांगायच्या. एकदा मी ‘थांबा’ म्हटलं तर मॅडम खरंच थांबल्या, पाण्याचा दाब कमी केला. थांबवता येतं हे कळल्यावर अंग आपोआप सैल पडलं, आवळून धरलं की जास्त दुखतं ना.

टेन्स मशीनचे (त्वचेवरून विजेचे हलके झटके देतं ते) पॅड कमरेला लावायचा पण पर्याय होता, मी नाही घेतला. आपटलं की आपण चोळतो ना, साधारण तसंच काम करतं ते, मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडलेली ‘गेट’ची कल्पना, म्हणजे स्पर्शाच्या संवेदनेने दुखण्याचं फाटक थोडं बंद होतं. मैत्रिणीला कोल्पोस्कोपीत (गर्भाशयाच्या तोंडाची भिंगातून तपासणी) तपासायला तुकडा काढताना ‘खोका’ म्हणाले, तिला वाटलं कसला खोका आणायचाय 😄 पण खोकल्याच्या झटक्यात तुकडा निघाला सुद्धा.

आणि हो, हे सगळं भूल किंवा गोळीच्या ऐवजी नाही हं, सोबत. नाहीच सहन झालं तर थांबून दुसऱ्या दिवशी भूल देऊन करा म्हणायचं, मॅडमनीच सांगितलं होतं तसं.

कपडे बदलून बाहेर आले आणि लक्षात आलं मांजरीची गोष्ट अर्धीच राहिली, मग परत आत जाऊन सिस्टरना पूर्ण सांगून आले.