तीन नंबरचा प्लग

नांदगाव तिठ्यावरून फोंड्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर आमचं गॅरेज आहे. रोजचं काम म्हणजे टेम्पो, रिक्षा, टुरिस्टवाल्यांच्या गाड्या, आणि पावसाळा संपला की खाऱ्या हवेने ब्रेक जाम झालेल्या गाड्यांची रांग. मॉडिफाय केलेली टर्बो पेट्रोल गाडी महिन्यातून एखादीच येते, ती पण घाटात काहीतरी झालं म्हणून. मी पुण्यात सहा वर्षं अशाच गाड्यांचं काम केलंय, मला ते मनापासून आवडतं, म्हणून आजूबाजूचे मेकॅनिक पण अशी गाडी आली की माझ्याकडे पाठवतात.

ही गोष्ट मागच्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली. अकराच्या सुमाराला एक १.८ लिटर टर्बोची सेदान आली, रिमॅप केलेली, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली, हवा आत घेणारा इंटेक आणि टर्बोमागचा धुराचा डाउनपाइप पण बदललेला. देवगडचा मुलगा, पुण्याला नोकरी करतो, शेजारी आई बसलेली आणि डिकीत, मागच्या सीटवर, पायाखाली सगळीकडे हापूसच्या पेट्या. फोंडा घाट अर्धा चढला आणि तिसऱ्या गिअरला पाय दाबला की गाडी झटके मारायला लागली, इंजिनचा लाइट लुकलुकायला लागला, मग त्याने गाडी वळवली आणि हळूहळू खाली आणली. हे त्याने फार चांगलं केलं. तो लाइट नुसता लागून राहिला तर एकवेळ गॅरेजपर्यंत जाता येतं, पण लुकलुकतो म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला चाललंय, आणि ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्यात, जाऊन जळतं, तो लालबुंद होऊन आतून वितळतो. तसंच दाबत दाजीपूरपर्यंत गेला असता तर खर्चाचा आकडा वेगळाच झाला असता.

स्कॅनर लावला तर पी ०३०३, म्हणजे तीन नंबर सिलिंडर मिस मारतोय, त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. तो म्हणाला, अण्णा हाच कोड दोन महिने येतोय, पुण्यात दोनदा तीन नंबरची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देते ती, बदलली, आठ दिवस बरं वाटतं आणि परत तेच. मी विचारलं प्लग कधी काढून बघितले? तर म्हणतो, "प्लग इरिडियमचे आहेत ना, रिमॅप केला तेव्हाच नवीन टाकले, एकतीस हजार झालेत फक्त, साठ हजारापर्यंत हात लावायचा नसतो."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! साठ हजार हा आकडा खोटा नाही, पण तो कंपनीने जसं इंजिन बनवलं तसंच्या तसं चालवणाऱ्यासाठी आहे. ह्याने बूस्ट, म्हणजे टर्बो आत दाबतो त्या हवेचा दाब, वाढवला, टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे घेतलं, सिलिंडरमधला प्रेशर आणि उष्णता दोन्ही वाढली, आणि प्लगचं वेळापत्रक मात्र जुनंच धरून बसला.

इंजिन तापलेलं होतं, त्यामुळे लगेच काढता येणार नव्हते. हेड अॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग सोडवायला गेलं तर आटे ओढून बाहेर येतात, मग हेड उतरवायची पाळी. तासाभराच्या वर थांबलो. तोपर्यंत सगळ्या पेट्या काढून शेडमध्ये गवतावर लावल्या, काकी तिथेच स्टुलावर बसल्या, दर पाच मिनिटांनी एका पेटीवर हात ठेवून बघत होत्या. "गाडी आज होतली ना रे बाबा? आंबे तापतले." मी म्हटलं काकी बघतो, आधी आत काय झालंय ते कळूदे.

कॉइल काढल्या, प्लगच्या विहिरी हवेने साफ केल्या, नाहीतर वरची सगळी वाळू सिलिंडरमध्ये. एक, दोन आणि चार नंबर व्यवस्थित कडक होते, कट्ट करून सुटले. तीन नंबरला सॉकेट लावलं आणि तो बोटानेच फिरला, रेंचची गरजच पडली नाही. माझ्या पोटात तिथेच गोळा आला.

चारही प्लग पांढऱ्या फडक्यावर नंबरप्रमाणे मांडले. एक, दोन, चार ह्यांचं पॉर्सिलेन पांढुरकं पडलेलं, म्हणजे तिघेही गरम चाललेत, आणि घड्याळजीचं भिंग लावून बघितलं तर दोन आणि चारवर मिठाच्या कणाएवढे चकचकीत ठिपके. ते ठिपके पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे, नॉकिंग झालं, म्हणजे आत पेट्रोल अवेळी भडकलं, की पिस्टनच्या डोक्यावरून सुटून प्लगला चिकटतं. गॅप, म्हणजे ठिणगी उडी मारते ते अंतर, फिलर गेजने मोजला, टाकताना ०.८ असेल तो कुठे ०.९५, कुठे एक मिलिमीटर. आणि तीन नंबर बघून माझ्याकडचा पोरगा म्हणाला, "अण्णा, हेचो दांडो खंय गेलो?"

खरंच, वरून वाकून येणारा जो दांडा असतो, ग्राउंड इलेक्ट्रोड, तो अर्धाच राहिला होता. मधली इरिडियमची बारीक टोकदार सुई तशीच शाबूत उभी, आणि समोर कोणीच नाही. त्यामुळे ठिणगीला उडी मारायला जागाच राहिली नव्हती, ती पॉर्सिलेनच्या बाहेरून सरकत कॉइलच्या रबरातून जात होती, रबराच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ पडलेली. पुण्यात दोन कॉइल ह्याच्यामुळेच गेल्या. रोग प्लगला होता आणि औषध कॉइलला चाललं होतं.

मुलगा प्लग हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, अण्णा चार नवीन टाकूया ना, काय असतील ते, मी हळू चालवत घाट चढतो, आंबे खराब होतील. मी सरळ नाही म्हटलं. जोपर्यंत तो तुकडा कुठे गेला ते मला कळत नाही तोपर्यंत ह्या इंजिनला चावी लावायची नाही, भले तू रागावून टो करून दुसरीकडे ने. तो रागावला, फोन काढून बाजूला गेला. मला त्याचं वाईट वाटत होतं, त्याच्या जागी मी असतो तर मलाही असंच झालं असतं, पण तुकडा सिलिंडरमध्ये पडून असेल आणि आपण स्टार्टर मारला तर पिस्टन आणि हेडच्या मध्ये काय होईल ते मला माहीत होतं.

आधी दांड्याचं टोक भिंगाखाली नीट बघितलं. तुटलेलं असतं तर धार असती, हे टोक मेणबत्तीसारखं गोल झालेलं होतं. म्हणजे एकदम तुटून पडलेलं नाही, थोडं थोडं वितळत गेलंय, थेंब थेंब. त्यामुळे जरा जीवात जीव आला. मग पान्याने क्रँक हातानेच फिरवून तीन नंबरचा पिस्टन खाली आणला, प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडला. पिस्टनच्या काळ्या डोक्यावर चार-पाच चमकदार टिकल्या, भिंतीवर उभा ओरखडा एकही नाही, व्हॉल्व्हच्या कडा पूर्ण. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकातून टर्बाइनची पाती बघितली, एकेक पातं मोजत, काकी पण येऊन स्क्रीनमध्ये डोकावत होत्या. सगळी पाती जागेवर. शेवटी कॉम्प्रेशन घेतलं, चारही सिलिंडर जवळजवळ सारखे. नशीब मोठं पोराचं.

आता तीनच नंबर का? कारण तो सैल होता. प्लगला जी उष्णता लागते ती मुख्यतः आट्यांतून आणि वॉशरमधून हेडमध्ये जाते, तिथून पाण्यात. नवीन प्लग घट्ट केला की वॉशर चेपून सपाट होतो. ह्या तीन नंबरचा वॉशर ३१ हजार किलोमीटरनंतर पण डब्यातून काढल्यासारखा फुगीर होता, आणि आट्यांवर गॅस निसटल्याचे तपकिरी डाग. म्हणजे बसवणाऱ्याने हाताने फिरवला आणि टॉर्क द्यायचा, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचा, राहून गेला. उष्णतेला जायला वाट नाही, मग दांडा तापून तापून वितळला. आणि इरिडियम इरिडियम म्हणतात ते ह्या प्लगमध्ये फक्त मधल्या टोकाला असतं, इरिडियम २४०० अंशाच्या पुढे वितळतं, त्याला काय होतंय, पण समोरचा दांडा निकेलच्या मिश्रणाचा, निकेल साडेचौदाशेच्या आसपासच वितळतं. डब्यावर लिहिलेलं नाव एका टोकाचं आहे, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही.

दहा हजाराला कोणी नुसते काढून बघितले असते तरी हे तिथेच सापडलं असतं. पंधरा मिनिटांचं काम आहे हो!

पेट्या त्याच्या मामेभावाच्या पिकअपमधून संध्याकाळी निघाल्या, काकी त्याच्याबरोबर परत देवगडला गेल्या, जाताना एक पेटी माझ्या पोरांसाठी म्हणून ठेवूनच गेल्या, नको म्हटलं तरी ऐकेनात. मुलगा माझ्याकडेच राहिला. प्लग कोल्हापूरहून दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीच्या पार्सलने आले. मी एक नंबर थंड मागवले होते. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलटं, आकडा कमी झाला की थंड, इथे लोक फार फसतात. थंड म्हणजे तो इंजिन थंड करत नाही, फक्त स्वतःच्या टोकाची उष्णता लवकर सोडतो. टोक साधारण ५०० ते ८५० अंशात राहिलं पाहिजे, खाली गेलं तर काजळी जळून साफ होत नाही, खूप वर गेलं तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेट घेतं. म्हणून उगीच दोन-तीन नंबर थंड टाकून उपयोग नाही, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये काळे होऊन सकाळी गाडी चालू होणार नाही.

गॅप ०.६५ ठेवला. बूस्ट जास्त म्हणजे ठिणगीच्या जागी हवा जास्त दाटलेली, तिच्यातून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, कॉइलची ताकद तर तेवढीच, मग अंतर कमी करायचं. त्यालाच सगळं करायला लावलं, दांडा कसा हलक्या हाताने वाकवायचा, मधल्या सुईला गेज घासायचा नाही, आट्यांना ग्रीस लावायचं नाही कारण मग त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. १४ एमएमचा वॉशरवाला प्लग, २८ न्यूटन मीटरला टॉर्क रेंचने कट्ट वाजला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. तीन नंबरला नवीन कॉइल टाकली. ट्यूनरला, म्हणजे रिमॅप करणाऱ्याला, मी स्वतः फोन करून नॉकिंगचे ठिपके सांगितले, त्याने पण ऐकून घेतलं आणि टायमिंग थोडं मागे घेतलेली फाइल पाठवली. संध्याकाळी दोघं मिळून फोंडा घाट चढून आलो, स्कॅनरवर चारही सिलिंडरचं मिसफायर शून्य.

मला विचारलं की किती किलोमीटरला बदलायचे तर मी असं सांगतो: नुसता रिमॅप असेल तर इरिडियम २० हजाराच्या आसपास, साधे निकेलचे आठ-दहा हजारात, मोठा टर्बो असेल किंवा ट्रॅकला नेत असाल तर त्याहून लवकर. पण आकड्यापेक्षा नवीन ट्यूननंतर हजार-दोन हजारात पहिल्यांदा प्लग काढून बघणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ट्यून कसा बसलाय ते तोच सांगतो. आणि आपल्या इकडे पावसाळ्याआधी एकदा कॉइलची रबरं आणि कनेक्टर उघडून बघायचेच, खाऱ्या दमट हवेत पिना हिरव्या पडतात आणि मग दोष प्लगवर येतो.

गणपतीला तो आला तेव्हा नऊ हजार आठशे झाले होते. दारात गाडी लावली, स्वतःच बॉनेट उघडलं, इंजिन गार व्हायला दोन तास थांबला, घरची आरती सोडून. चारही प्लग निघाले ते भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे, ठिपके नाहीत, गॅप सगळीकडे ०.६६-०.६७. "अजून चालतील ना?" चालतील म्हटलं, परत ०.६५ ला आणून तेच बसवले. बॉनेटच्या आत मी एप्रिलमध्ये पांढरी पट्टी चिकटवून तारीख, किलोमीटर आणि गॅप लिहून ठेवला होता, त्याच्याखाली त्याने पेन मागून घेतलं आणि आजची ओळ आपल्या हाताने लिहिली.