कळ, ठणका, मुंग्या

कंबरेच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेनंतरचा आज ९७वा दिवस.

पहाटे साडेतीनला डाव्या पोटरीतल्या आगीने जाग आली. उठून बसायचं म्हटलं तरी आधी मनात सगळी जुळवाजुळव करावी लागते. गुडघे दुमडायचे, खांदा आणि कंबर एकदम फिरवून ओंडक्यासारखं कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडता सोडता कोपरावर भार देऊन वर यायचं. मध्येच कंबर जराशी पिळली गेली, की पाठीतून चमक जाते. मग पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बराच वेळ तशीच बसून राहते. आज पिळली नाही. नीट उठले, आणि अंधारातच दहा मिनिटं खोलीत येरझाऱ्या घातल्या.

गेल्या आठवड्यात तीन महिन्यांचा एक्स-रे झाला. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये बसवलेला केज, म्हणजे मधली जागा धरून ठेवणारा छोटा सांगाडा, जागेवर आहे, चार स्क्रू आणि दोन सळ्या हललेल्या नाहीत, हाड धरायला सुरुवात झाली आहे. पुरतं जुळायला सहा महिने ते वर्ष लागेल, हे सर्जननी पुन्हा सांगितलं. सगळे खूश होते. मीही होते. पण गाडीत बसताना डोळ्यांत पाणी आलं, कारण फोटो एवढा चांगला येऊनही पाय दुखतच होता. त्या दिवसापासून तिघांनी विचारलं, ‘‘मग आता दुखत नसेल ना?’’ त्यांना बरं वाटावं म्हणून मी हो म्हटलं. ते माझं चुकलं. तीन महिन्यांच्या पुढे टिकलेल्या दुखण्याला वैद्यकात दीर्घकालीन वेदना म्हणतात. ती रेघ मी याच आठवड्यात ओलांडली, आणि तेव्हाच खोटं बोलायला लागले.

सुरुवातीला या वहीत मी फक्त आकडे लिहायचे. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, असं हॉस्पिटलमध्ये दर काही तासांनी विचारायचे, तीच सवय घरी आणली. सहा, सात, पाच, सहा. आज ती पानं उलटताना त्यातून काहीच कळत नाही. टाक्यांच्या जागेचा ठणकाही सहा आणि पायातली आगही सहा. दोन्ही एकच कसं असेल?

फिजिओथेरपीच्या बाईंनी एकदा माझा आकडा ऐकून घेतला आणि म्हणाल्या, ‘‘आकडा राहू दे. कसं दुखतंय ते सांगा. तुमच्या शब्दांत.’’ मी बोलायला लागले आणि माझं मलाच नवल वाटलं, इतके शब्द आपल्याजवळ आहेत! पाठीत ठणका लागतो, नाडीच्या ठोक्याबरोबर. मांडीच्या मागून कळ जाते, लवकन, आणि घोट्यापाशी विरते. फार वेळ बसलं की कंबरेला रग लागते. पोटरीत आग होते. पावलावर मुंग्या येतात. टाक्यांच्या कडेला चुणचुणतं. अंगठा बधिर आहे. त्या लिहीत गेल्या आणि मग एकेक उलगडून सांगितलं. ठणका बहुतेक कापलेल्या, ताणलेल्या स्नायूंचा, तो आठवड्यागणिक कमी व्हायला हवा. रग म्हणजे थकलेले स्नायू, उठून चाललं की उतरेल. कळ, आग, मुंग्या ही चेतांची, म्हणजे नसांची भाषा. वर्षभर दबलेली चेता मोकळी झाली तरी लगेच शांत होत नाही. कधीकधी बधिरपणाच्या जागी मुंग्या येणं हे ती सावरत असल्याचं लक्षण असू शकतं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा मुंग्यांना घाबरले नाही.

नंतर वाचनात आलं की रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली हेच केलं होतं. रुग्ण वेदनेसाठी वापरतात ते शब्द घेऊन त्याने प्रश्नावली तयार केली, ७८ शब्दांची, २० गटांत. हे वाचून मला फार आधार वाटला. म्हणजे माझं सांगणं हे रडगाणं नव्हे, ती माहिती आहे. त्यानेच पॅट्रिक वॉल या चेताशास्त्रज्ञाबरोबर १९६५ साली मांडलं होतं की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूपाशीच वेदनेच्या संदेशांना थोपवू शकतात. लागलेली जागा आपण न शिकवता चोळतो, ते उगाच नाही. रात्री मी पोटरीवरून तळवा सावकाश फिरवत बसते, तेव्हा हे आठवतं.

घरातही आता ‘किती दुखतंय’ विचारत नाहीत. नवरा सकाळी विचारतो, ‘‘आज काय आहे?’’ मी म्हणते, ‘‘रग.’’ तो खुर्ची सरकवून वाट करून देतो. ‘‘कळ’’ म्हटलं की काही न बोलता हात पुढे करतो. एका शब्दात एवढं पोचतं.

गोळ्यांबद्दलही लिहून ठेवते. चेतांच्या दुखण्याची गोळी घेतली की डोकं जड होतं, शब्द आठवायला वेळ लागतो. मागच्या महिन्यात कंटाळून मी ती स्वतःच बंद केली. दोन रात्री वाईट गेल्या. डॉक्टर म्हणाले, ती पायरीपायरीनेच उतरवायची, एकदम सोडायची नाही. चालण्याचंही तसंच. बरं वाटलं म्हणून एके दिवशी सलग पाऊण तास चालले आणि पुढचे दोन दिवस आडवी. आता बारा मिनिटं, दिवसातून तीनदा. बरं वाटत असतानाच थांबणं मला अजून जड जातं. ताप, जखमेतून स्राव, लघवी अडणं, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं, हे मात्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं आहे. त्यात वाट बघायची नसते.

वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कंबर पिळायची नाही. त्यामुळे जमिनीवर पडलेलं तिथेच राहतं. आज दुपारी पेनाचं टोपण पडलं आणि टेबलाच्या पायाशी जाऊन थांबलं. पलीकडे कालची केसांची पिन. मला दोन्ही दिसत होती. हातभर अंतरावर! मी बराच वेळ त्या टोपणाकडे बघत उभी होते. कुणाला हाक मारावीशी वाटेना. संध्याकाळी लेक आली, चप्पल काढता काढता तिने दोन्ही उचलून टेबलावर ठेवलं आणि बोलत आत गेली. तिच्या ते लक्षातही आलं नाही. मला त्या सहज वाकण्याचा हेवा वाटला, आणि ती अशी सहज वाकू शकते याचं बरंही वाटलं.

रात्री पडताना एक झालं. कुशीवरून उताणी वळले तेव्हा चादरीची कड डाव्या अंगठ्याला लागली. थंड होती. मी पाय तसाच ठेवला, मग मुद्दाम थोडा सरकवला. पुन्हा लागली. पोटरीत आग होतीच, कमी नव्हती. पण अंगठ्याला चादर थंड लागत होती. दिवा परत लावून वहीत तेवढंच लिहिलं: अंगठा, गार.