चेनची गाडी

व्हिडिओ कॉलवर आप्पांना गाडी दाखवली तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला, मग विचारलं, "चेनची घेतलीस? टायरची नव्हती काय?"

आमच्या सांगलीकडे पोकलेन असो नाहीतर डोझर, जे ट्रॅकवर चालतं ते सगळं 'चेनचं'. त्यामुळे माझ्या घरातही तिचं नाव तेच पडलं. कागदावर ती थायोकोल कंपनीची इम्प, मॉडेल १४०४, साल १९७२; बर्फावर चालणारी गाडी, म्हणजे स्नोकॅट. दोन दारांचा पत्र्याचा डबा, खाली दोन रुंद ट्रॅक, ड्रायव्हर आणि शेजारच्या माणसाच्या मध्ये झाकणाखाली इंजिन. स्टिअरिंगचं चाक नाहीच. दोन उभे दांडे. डावा ओढला की गाडी डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे.

आम्ही राहतो कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सला. चार वर्षांपूर्वी हौसेनं एक जुनी केबिन घेतली, हायवे १४ वरून कॅमेरॉन पास ओलांडला की पलीकडच्या उताराला. पास १०,२७६ फुटांवर आहे, तरी हायवेवरचा बर्फ हिवाळाभर काढतात. पण हायवेपासून केबिनपर्यंतचे पावणेतीन मैल आमचे आम्ही बघायचे. नोव्हेंबरात तो रस्ता बर्फाखाली जातो तो मे उजाडेपर्यंत दिसत नाही. पहिले दोन हिवाळे मी पायात स्नोशू बांधून मागे स्लेज ओढली. स्लेजवर गॅसचा सिलिंडर, तांदूळ आणि एकदा तर प्रेशर कुकर. स्नोमोबाईल घे म्हणून सगळ्यांनी सांगितलं. पण सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या आईला मागे बसवून उघड्या स्नोमोबाईलवर न्यायची माझी छाती नव्हती. छप्पर, दारं आणि हीटर पाहिजे होता.

अशा गाडीचं मर्म वजनात नाही, ते वजन पसरण्यात आहे. ट्रॅक इतके रुंद असतात की बर्फावर दर चौरस इंचाला एक पौंडाच्या आसपासच भार येतो. मी बुटांनी जिथे मांडीपर्यंत रुततो, तिथे ही बया चार माणसांसकट वरून निघून जाते.

घ्यायची ठरल्यावर मी वर्षभर नुसत्या जाहिराती वाचल्या. नारिंगी टकर स्नो-कॅट मला फार आवडायची. चार स्वतंत्र ट्रॅकवाली, ओरेगनमधल्या मेडफर्डची. ब्रिटिश शोधक व्हिवियन फुक्सनं १९५७-५८ मध्ये अंटार्क्टिका आरपार पार केला, ९९ दिवसांत, तेव्हा त्याच्याकडे टकरही होत्या. पण चार ट्रॅक म्हणजे चौपट भानगडी, आणि किंमत ऐकून हिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पान उलटलं. दुसऱ्या महायुद्धातला स्टुडबेकरचा वीझल, तीही ट्रॅकवालीच गाडी, एकदा बघून आलो. तो सैनिकांसाठी, माझ्या आईसाठी नव्हे.

थायोकोलची गोष्टच वेगळी. ही मुळात रबर आणि रॉकेटचं इंधन करणारी कंपनी. अवकाशयानाला ढकलणारे घन इंधनाचे बूस्टर यांचेच. २८ जानेवारी १९८६ ला थंडीत बूस्टरच्या सांध्यातल्या ज्या रबरी ओ-रिंगनं दगा दिला आणि चॅलेंजर अवकाशयान गेलं, ते बूस्टर याच घराण्यातले. स्नोकॅटचा धंदा त्याआधीच, १९७८ मध्ये, त्यांनी जॉन डीलोरियनला विकला होता. हो, तोच, वर उघडणाऱ्या दारांच्या गाडीवाला. तरी रोज सकाळी थंडीनं ताठरलेल्या पट्ट्यांवर हात फिरवताना मला ती ओ-रिंग आठवतेच.

माझी इम्प मिळाली युटामध्ये, लोगनच्या जवळ. म्हणजे ज्या गावात बनली त्याच गावच्या वेशीबाहेर, एका शेतकऱ्याच्या गोठ्यात. म्हातारा साडेनऊ हजार डॉलर म्हणत होता. त्यानं मला बघताच इंजिन चालू करून दाखवलं. फोर्डचं सरळ सहा सिलिंडरचं, अर्ध्या चावीत लागलं. तिथेच माझ्यासारखे नवखे फसतात. इंजिन सगळ्यात शेवटी बघायचं. ही फोर्डची सहा सिलिंडरवाली इंजिनं फाल्कन, मस्टँग अशा गाड्यांमधून भरपूर आली. प्लगपासून पिस्टनपर्यंत आजही मिळतं, आणि नाही मिळालं तर अख्खं दुसरं इंजिन मिळतं. ट्रॅक आणि डिफरन्शियलचं तसं नाही.

म्हणून मी गोठ्यातल्या शेणामातीत पाठीवर झोपलो. ट्रॅक म्हणजे रबरी पट्टे आणि त्यांवर बोल्टनं आवळलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या. त्या आडव्या पट्ट्यांना ग्राउझर म्हणतात. पट्टा स्प्रॉकेटवरून, म्हणजे दातेरी चाकावरून, जिथे वळतो तिथेच भेगा पडतात, म्हणून सपाट भागावर बघून उपयोग नाही, वळणावर बघायचं. डाव्या ट्रॅकच्या पट्ट्यांचे थर कडेनं सुटून धागे बाहेर आले होते. तीन ग्राउझर वाकलेले. मग म्हाताऱ्याला म्हटलं, आता मैदानात दोन्हीकडे गोल फिरवून दाखवा. यात डिफरन्शियल कळतं. आत दोन ड्रम असतात, दांडा ओढला की त्या बाजूच्या ड्रमवर पट्टी आवळते, तो ट्रॅक मंदावतो आणि तेवढाच दुसरा वेग घेतो. वळताना दोन्ही ट्रॅकना ताकद मिळतच राहते. उजवीकडे सुरेख वळली. डावीकडे वळायला दांडा पार पोटाशी आला. म्हाताऱ्याला ठाऊक होतं, मला कळलं हे त्यालाही कळलं. आठ हजारांत व्यवहार झाला.

ट्रेलरवर चढवून वायोमिंगमधून आय-८० हायवेनं परत आलो. त्या वाऱ्यावर लिहायला वेगळा लेख लागेल.

उन्हाळाभर काम होतं ते डाव्या ट्रॅकचं. बोल्ट मोजायला बसलो आणि एका बाजूचे तीनशेच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं. निम्मे गंजून एकजीव झालेले, आटे गेलेले, ग्राइंडरनं कापावे लागले. पाने सगळे इंचाचे, सात-सोळा, नऊ-सोळा. आप्पांच्या गॅरेजमध्ये जुन्या मॅसी फर्ग्युसनसाठी तेच पाने भिंतीला टांगलेले असायचे, त्यामुळे हाताला ओळख होती. नवे पट्टे एका दुकानातून मागवले ते चुकीच्या रुंदीचे आले. परत पाठवण्यात पाच आठवडे गेले. शेवटी लक्षात आलं की हा पट्टा म्हणजे साधा कन्व्हेयर बेल्ट. साखर कारखान्यात बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, वाहून नेतो तोच प्रकार, आत कापडाचे थर. तो पट्टा मी लहानपणापासून बघतोय. कन्व्हेयरच्या मालातून हव्या त्या रुंदीचा कापून घेतला.

आता भोकं. मी मोठ्या हुशारीनं एक जिग केला होता: मागच्या भोकात खुंटी घालायची आणि पुढचं भोक मारायचं. कॉलवर आप्पांनी पाहिलं आणि ओरडलेच.

"अरे थांब! मागच्या भोकावरनं पुढचं भोक मारायचं नाही."

"का आप्पा? खुंटी घट्ट बसतीय की."

"घट्ट बसू दे. एका भोकाला अर्धा मिलिमीटर चुकलास तर चाळिसाव्या भोकाला किती होईल?"

वीस मिलिमीटर. म्हणजे ग्राउझर स्प्रॉकेटच्या खाचेत न बसता दातावर चढणार, आणि दात खाणार. चूक पसरत नाही, साठत जाते. मी जिग बाजूला ठेवला, जमिनीवर पट्टा ताणून एका टोकापासून स्टीलची टेप लावली आणि सगळ्या खुणा त्या एकाच टोकावरून मारल्या. मग प्रत्येक खुणेवर सेंटर पंच. मारायला घेतल्यावर कळलं की रबरात ड्रिल फिरतं पण भोक आवळून लहान होतं, म्हणून पोकळ पंचानं पाडावी लागली. दोन शनिवार-रविवार गेले. नट सगळे नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, एकदाच वापरायचे. आणि पहिल्या दोन तासांच्या चालीनंतर सगळे परत आवळायचे. मी हे टाळलं नाही. अकरा ढिले निघाले.

कार्ब्युरेटर सोपा निघाला. लोगन साडेचार हजार फुटांवर, आमची केबिन त्याच्या दुप्पट उंचीवर. तिथे हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, त्यामुळे चढाला काळा धूर आणि मिसिंग. पेट्रोल सोडणारा जेट लहान घातला, प्लग पुसले, सुधारली. पेट्रोल इथेनॉल नसलेलं भरतो, कारण जुन्या नळ्या इथेनॉलनं सडतात आणि उन्हाळाभर उभ्या गाडीचा कार्ब्युरेटर चिकटतो. इंजिन माणसांच्या मध्येच असल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म डॅशबोर्डला चिकटवलाय. त्याची बॅटरी मी चेकलिस्टमधली पहिली गोष्ट म्हणून तपासतो.

आणि तरी फेब्रुवारीत ट्रॅक उतरलाच. वाऱ्यानं रस्त्यावर बर्फाचा तिरका ढीग रचला होता, एक ट्रॅक वर, एक खाली. आडव्या उतारावर ही गाडी सरळ जात नाही, हळूहळू खाली घसरते. मी घाबरून वरच्या बाजूचा दांडा ओढला. खालून 'टक' असा एकच आवाज आला. नवीन पट्टे, नवे बोल्ट, सगळं शाबूत होतं. दोष होता एका छोट्या टायरचा. ट्रॅकच्या आत जी चाकं फिरतात त्यांत हवेचे टायर आहेत, त्यातल्या एकात हवा कमी होती. टायर दबला, ट्रॅकच्या आतला गाइड त्याच्यावरून चढला आणि बाहेर पडला. तीनशे बोल्ट आवळणारा मी, हवा बघायची विसरलो होतो. बर्फात जॅक खाली जातो, म्हणून प्लायवूडचा तुकडा सोबत असतो. ताण सोडला, हँड विंचनं ट्रॅक ओढून चाकांवर आणला, हातपंपानं हवा भरली. चार तास. आई आत शाल गुंडाळून बसली होती. थर्मासमधला चहा मला एकट्याला दिला, स्वतः घेतला नाही.

त्या संध्याकाळी केबिनपाशी गाडी लावताना दोन लाकडी फळ्यांवर चढवून लावली. ओल्या बर्फावर तशीच ठेवली तर रात्रीत ट्रॅक जमिनीला गोठून बसतात आणि सकाळी क्लच जळतो. मग आप्पांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. टायरचं ऐकून "हं" म्हणाले. नंतर तो प्रश्न आला, जो मी वर्षभर चुकवत होतो.

"ॲव्हरेज किती देते?"

"गॅलनला तीन मैल."

"लिटरला सांग."

"सव्वा किलोमीटर."

पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं नेटवर्क गेलं.

आता ऑक्टोबर आहे. उजवा ट्रॅक अजून जुन्याच पट्ट्यांवर आहे, एक हिवाळा काढेल. डावा दांडा मात्र पुन्हा पोटाशी यायला लागलाय. या शनिवारी डिफरन्शियलचं झाकण उघडून पट्टीचं अस्तर किती उरलंय ते बघायचं आहे. आप्पांनी कॅमेरा नीट धर असं बजावून ठेवलंय, मागच्या वेळी त्यांना सगळं उलटं दिसत होतं.