भिक्षू लिओ यांची नोंद

आज दिवसभर फ्रान्सिस्कन भिक्षूंच्या प्रार्थनाग्रंथांविषयी वाचत होते आणि मन असिसी येथे संत क्लारा यांच्या बॅसिलिकात जपलेल्या एका ब्रेव्हियरीपाशीच, म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या वेळांच्या प्रार्थनांच्या आटोपशीर ग्रंथापाशीच, अडकून राहिले. फ्रान्सिस्कन संघाचे संस्थापक संत फ्रान्सिस यांचा हा ग्रंथ त्यांचे सोबती लिओ यांनी पुढे तेथील भगिनींच्या स्वाधीन केला. त्यात लिओ यांनी स्वहस्ते लिहून ठेवले आहे की, प्रकृती ठीक असताना फ्रान्सिस नित्यप्रार्थना स्वतः म्हणत व आजारपणात ती ऐकत. मिस्साला, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेला, जाता आले नाही, तर त्या दिवसाचे शुभवर्तमान वाचून घेत आणि नंतर त्याचे आदराने चुंबन घेत.

स्वतःचे म्हणून काहीच ठेवायचे नाही असे व्रत घेतलेल्यांना संघाच्या १२२३ च्या नियमावलीने ब्रेव्हियरी बाळगण्याची मुभा दिली, हे मला फार समंजसपणाचे वाटते, कारण गावोगाव पायी हिंडणाऱ्यांना मठातील जाडजूड ग्रंथ पेलणारे नव्हते. लौकिक बंधूंना, म्हणजे धर्मगुरुपदाची दीक्षा नसलेल्या भिक्षूंना, मात्र ग्रंथाऐवजी ‘आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना नेमून दिली होती: रात्रीच्या प्रार्थनेला २४ वेळा, सायंप्रार्थनेला १२ वेळा.

तरीही ग्रंथाच्या मालकीची फ्रान्सिस यांना धास्ती होती. स्तोत्रसंहिता (बायबलमधील स्तोत्रांचा ग्रंथ) मागणाऱ्या एका नवख्या बंधूला त्यांनी बजावले, अशी कथा सांगतात, की ती मिळाली की तुला ब्रेव्हियरी हवीशी वाटेल, आणि मग धर्माधिकाऱ्यासारखा आसनावर बसून तू आपल्याच बंधूला ती आणून देण्याचे फर्मान सोडशील.