आमची वाटचाल : शेजाऱ्याला किती दाखवायचं

सांगलीत इंटरनेटच्या धंद्यात आम्ही २००६ पासून आहोत. पहिला टॉवर कुठल्या गच्चीवर चढवला, पैसे कुणी दिले हे घरच्यांनी आणि जुन्या पोरांनी हजार वेळा ऐकलंय, ते सोडतो. हे वाचणारे बहुतेक याच लाइनमधले असणार म्हणून एकाच गोष्टीवर लिहितो, शेजारच्या ऑपरेटरला आपल्या नेटवर्कमधलं काय दाखवायचं आणि काय नाही. हे शिकताना आमचं दुकान बंद व्हायची वेळ आली होती.

२०१० ला आम्ही एका मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ घेत होतो. नाव लिहीत नाही. त्यांच्या नॉकमधला, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या खोलीतला, माणूस फोनवर फार गोड बोलायचा. म्हणाला, सर लिंक गेली की तुम्ही आम्हाला फोन करता, मग आम्ही तपासायला बसतो, त्यात तासभर जातो, त्यापेक्षा तुमच्या राउटरचं एसएनएमपी रीड ओन्ली द्या, आम्ही आमच्या स्क्रीनवरच लावतो. मला पटलं. एसएनएमपी म्हणजे राउटरची हालहवाल लांबून विचारायची पद्धत, रीड ओन्ली म्हणजे नुसतं बघणार, हात तर लावणार नाही ना. आमचा राउटर मायक्रोटिक कंपनीचा, त्याचं सेटिंगचं सॉफ्टवेअर विनबॉक्स उघडलं, एसएनएमपी एनेबल केलं, कम्युनिटी, म्हणजे एसएनएमपीचा पासवर्डच म्हणा, 'पब्लिक' होती ती तशीच ठेवली, त्यांचा आयपी टाकला आणि ओके मारलं. दोन मिनिटांचं काम.

आता आमची सवय सांगतो, कारण सगळं तिथंच फसलं. प्रत्येक गिऱ्हाईकाची सिंपल क्यू, म्हणजे राउटरवरची स्पीडची मर्यादा, लावताना आम्ही क्यूच्या नावातच सगळं लिहायचो, आधी एरिया, मग गिऱ्हाईक, स्पीड आणि शेवटी महिन्याचं भाडं. बिलिंगच्या पोराला सोपं जायचं, विनबॉक्स उघडलं की कोण किती देतो ते समोरच. तेव्हा आमच्याकडे व्यापारी कनेक्शन ५८ होती, घरगुती वेगळी. चार महिन्यांत त्या ५८ ची १९ राहिली. रोज एक फोन यायचा, साहेब महिनाअखेरीला बंद करा. मी टॉवर तपासतोय, अँटेना बदलतोय, पोरांवर ओरडतोय की तुमची सर्व्हिस कमी पडतीय. पोरं रात्री अकरापर्यंत गच्च्या चढत होती आणि मी त्यांनाच बोलत होतो, त्याचं आजही वाईट वाटतं.

उलगडा केला मार्केट यार्डातल्या आमच्या शेठनी. हळदीचे व्यापारी, पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक, निझामाबादच्या बाजारात काय दर फुटला हे त्यांना सकाळी नऊच्या आत लागायचं म्हणून नेट घेतलेलं. एक दिवस दुकानात बोलावलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "काल एक पोरगा आला होता. म्हणतो, तुम्ही ४५०० देता, आम्ही ४००० ला देतो. मी तुला काय देतो हे माझ्या मुनीमाला धड माहीत नसतं, त्याला कुणी सांगितलं?" पोरगा जाताना हातातला एक कागद गल्ल्यावर विसरून गेला होता, तो त्यांनी माझ्यापुढे सरकवला. प्रिंट काढलेली यादी. मी वाचायला लागलो आणि सातव्या ओळीवर थांबलो. तिथं 'गोडाऊन' च्या जागी 'गोडवान' लिहिलं होतं. ते आमच्या टेक्निशियननं टाइप करताना चुकवलेलं नाव होतं, जगात दुसरीकडे कुठंही ते तसं लिहिलेलं असणं शक्य नव्हतं. बाकीची नावंही आमच्या क्यू ज्या क्रमानं लावलेल्या त्याच क्रमानं.

ऑफिसला आलो, लॅपटॉपवरनं आपल्याच राउटरला एसएनएमपीवॉक, म्हणजे सगळी माहिती ओळीनं वाचणारी कमांड, मारलं, १.३.६.१.४.१.१४९८८ च्या खाली, म्हणजे मायक्रोटिकच्या स्वतःच्या माहितीच्या झाडाखाली, आणि स्क्रीन भरून नावं सरसर खाली यायला लागली. एरिया, गिऱ्हाईक, स्पीड, भाडं. मी दिलेल्या रीड ओन्लीमधनं माझी अख्खी खतावणी वाचता येत होती.

त्या कंपनीला मेल केला. उत्तर आलं की अ‍ॅक्सेस तुम्हीच दिलेला आहे. बरोबर आहे, मीच दिला होता. पण तुम्ही लिंक बघायला मागितला होता की ओ, दुकान बघायला नाही. पंधरा वर्षं झाली, ते वाक्य अजून खुपतं. त्या वर्षी हप्ते थकले, आणि आठच महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतलेलं फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन विकावं लागलं. धंद्यातल्यांना कळेल मशीन जाणं म्हणजे काय. फायबरची दोन टोकं स्क्रीनवर समोरासमोर येतात, ठिणगी पडते, खाली लॉस, म्हणजे जोडात किती प्रकाश वाया गेला ते, लिहून येतो ०.०१, ०.०२, तो आकडा बघायची सवय झालेल्या माणसाला उसन्या मशीनसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहणं फार जड जातं.

ते दार मिरजेच्या आण्णांचं होतं. आण्णा केबलवाले, वयानं माझ्यापेक्षा वीसएक वर्षांनी मोठे. त्यांनी मशीन दिलं, वर म्हणाले, माझी मिरज-सांगली फायबर पडून आहे, जोडी घे, मला बँडविड्थ दे, हिशोब वर्षाला करू. लिंक लागली. आता आण्णांच्या पोरांना लिंक बघायची होती, आणि मी हात वर केले. दुधानं तोंड पोळलेला माणूस होतो मी. काहीच दाखवत नाही म्हणलं, फोन करा. मग व्हायचं काय, लिंक गेली की ते म्हणायचे तुमच्याकडनं गेली, आम्ही म्हणायचो तुमच्याकडनं, दोन गाड्या दोन टोकांनी निघायच्या आणि वाटेतच भेटायच्या. तिसऱ्या वेळी आण्णा स्वतः आले. म्हणाले, "तुझ्या घरातली भांडी मला कशाला मोजायची रं? नळाला पाणी येतंय का नाय एवढं दाव."

त्या रात्री बसलो. रद्दीत काढलेला एक डेस्कटॉप होता, त्यावर डेबियन लिनक्स टाकलं, एसएनएमपीला उत्तर देणारं नेट-एसएनएमपी सॉफ्टवेअर टाकलं आणि ठरवलं की राउटरला फक्त ही पेटी विचारेल, बाकी कुणी नाही, आणि आण्णांना जे मिळेल ते या पेटीतनं. नेट-एसएनएमपीमध्ये व्ह्यू लिहिता येतो, कुठली फांदी दिसेल, कुठली नाही. बरेच जण सगळं उघडं ठेवून एकेक झाकत जातात. तसं करू नका, काहीतरी राहूनच जातं. आधी काहीच दिसत नाही असं धरा आणि मग एकेक उघडा. इंटरफेसच्या वाढीव टेबलात (ifXTable) रांगा म्हणजे पोर्ट आणि कॉलम म्हणजे माहिती. सहावा कॉलम आत येणारे बाइट, दहावा बाहेर जाणारे, आणि अठरावा म्हणजे पोर्टवर आपण हातानं लिहिलेलं वर्णन. पहिले दोन द्या, अठरावा कुणाच्या बापालाही देऊ नका, माणूस सगळी गुपितं त्या वर्णनातच लिहून ठेवतो.

आण्णांना पाच गोष्टी दिल्या. त्यांच्या लिंकचा पोर्ट वर आहे की खाली, आत किती, बाहेर किती, आमच्या टोकाला फायबरमधला लाइट (प्रकाश) किती पोचतोय, आणि आमच्या यूपीएसच्या बॅटरीला किती मिनिटं राहिली. त्यांनी त्यांच्या टोकाच्या याच पाच दिल्या. लाइटचा आकडा तर हमखास द्या-घ्या. उणे ९ डीबीएम (लाइटची ताकद मोजायचं माप) येत असताना एकदम उणे १४ झाला तर लिंक चालूच असते, गिऱ्हाईकाला काही कळत नाही, पण कुठंतरी जेसीबीनं किंवा पाइपलाइनवाल्यानं केबल दाबलेली असते आणि तुटायच्या आधी तुम्ही तिथं पोचू शकता.

चूक आमच्याकडनं परत झाली. राउटरला नवीन कार्ड घातलं, रीबूट केलं आणि पोर्टचे नंबर सरकले. आण्णांना मी सात नंबरची रांग दिलेली, सात नंबरवर आता एका बँकेची लिंक आली. दोन दिवस आण्णांच्या स्क्रीनवर बँकेचा ट्रॅफिक. त्यांनीच फोन केला, "हे आमचं नाय वाटत, रात्री दोनला आमच्याकडं एवढं कोण चालवत नाय. आधी झाक ते." दुसऱ्यानं गप बसून बघितलं असतं. तेव्हापासून आमची स्क्रिप्ट नंबरवर विश्वास ठेवत नाही, पोर्टच्या नावानं शोधते आणि नाव जुळलं नाही तर उत्तरच देत नाही. सिस्कोचे राउटर वापरणाऱ्यांनी, रीबूटनंतरही पोर्टचे नंबर तेच ठेवणारी इंडेक्स पर्सिस्टची कमांड न विसरता टाकावी.

आणखी एक, मागितलं नाही तरी सांगतो. काउंटर, म्हणजे किती बाइट गेले ते मोजणारे आकडे, ६४ बिटचेच द्या आणि ६४ बिटचेच मागा. ३२ बिटचा काउंटर १०० एमबीच्या फुल लिंकवर पावणेसहा मिनिटांत भरून शून्यावर येतो, एक गिगावर ३४ सेकंदांत. तुम्ही पाच मिनिटांनी विचारणार, मधे तो किती वेळा फिरला हे तुम्हाला कळणारच नाही. मग दोघांचे ग्राफ जुळत नाहीत आणि ९५ पर्सेंटाइलच्या बिलावरनं (वापराचे सगळ्यात वरचे पाच टक्के आकडे सोडून उरलेल्यातल्या सर्वात मोठ्या आकड्यावर होणारं बिल) भांडणं होतात. आमच्या ओळखीतली एक भागीदारी अशीच मोडली, दोघंही खरं बोलत होते. आणि एसएनएमपीचं व्हर्जन ३ वापरा. त्याचं स्टँडर्ड २००२ सालीच पक्कं झालंय, तरी लोक अजून व्हर्जन २ वर 'पब्लिक' चालवतात, ती स्ट्रिंग वायरवरनं उघडी जाते. प्रत्येक शेजाऱ्याला वेगळा युजर, वेगळा व्ह्यू. एक सोडून गेला की एकच युजर उडवायचा.

मधली वर्षं चांगली गेली. गिऱ्हाईकं परत आली, नवीन आली, इंटरनेट सेवेचं सी कॅटेगरीचं लायसन घेतलं, मशीन नवीन घेतलं.

ऑगस्ट २०१९ चा महापूर मात्र सांगितलाच पाहिजे. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ ची. आमचा मेन पॉप, म्हणजे सगळ्या लिंक जिथं येतात ती जागा, सांगलीच्या गावभागात. लाइट गेली, जनरेटर खालच्या मजल्यावर, तो पाण्यात. मी घरच्यांसोबत गच्चीवर अडकलेलो, मोबाईलला रेंज नाही, आणि आण्णांचे गिऱ्हाईक असलेले मिरजेतले दवाखाने आमच्याच बँडविड्थवर चालू. मला कुणाला कळवताच येत नव्हतं. पण आण्णांच्या स्क्रीनवर ती पाचवी ओळ होती. १४० मिनिटं, १२०, ९०. त्यांनी कुणाला फोन केला नाही, कुणाची वाट बघितली नाही, दुसऱ्या अपस्ट्रीमवाल्याला, म्हणजे बँडविड्थ देणाऱ्याला, उठवलं आणि बॅटरी ४० वर यायच्या आत दवाखाने तिकडे वळवले. पाणी उतरल्यावर भेटलो तेव्हा मला बोलताच येईना. त्यांनी फक्त विचारलं, बॅटऱ्या वाचल्या का.

आज तीन तालुक्यांतले चार ऑपरेटर आम्ही असे जोडलेलो आहोत. प्रत्येकाचं नेटवर्क त्याचं, पासवर्ड त्याचा, भांडण त्याचं, आणि एकमेकांना दिसतात त्या याच पाच ओळी. गेल्या वर्षी त्या जुन्या कंपनीचाही मेल आला, जयसिंगपूरपर्यंत आमच्यावरनं लिंक पाहिजे होती. सोबत फॉर्म, त्यात मॉनिटरिंगच्या रकान्यात छापलेलं, फुल रीड अ‍ॅक्सेस. मी त्यावर आडवी रेघ मारली आणि आमचा पाच ओळींचा कागद जोडून परत पाठवला. तीन आठवडे गेले, दोन मीटिंगा झाल्या, त्यांचा एक तरुण इंजिनियर येऊन पेटी बघून गेला आणि त्यांनी सही केली.

राउटरवर आता गिऱ्हाईकाचं नाव कुठंच नाही, नुसते नंबर. कुठला नंबर कुणाचा हे बिलिंगच्या मशीनमध्ये, आणि ते मशीन नेटवर नाही. ००१ हळदीच्या शेठना दिलाय. शेठ आता दुकानात कमी येतात, मुलगा बसतो, पण बिल अजून तेच बघतात आणि दर एक तारखेला फोन करून विचारतात की माझा नंबर बदलला नाहीस ना.